१४ कुर्ते आणि कापड २६ मीटर : कसं बेतायचं? (झांजपथकाची ऑर्डर)

वडगावची_सुई

नमस्कार मंडळी, मी वडगावात घरीच शिवते, ब्लाऊज, फॉल-पिको, पंजाबी ड्रेस असं. मोठी ऑर्डर पहिल्यांदाच घेतलीय आणि अडकून बसलेय.

गल्लीतल्या पोरींचं झांजपथक आहे, विसर्जन मिरवणुकीसाठी १४ कुर्ते पाहिजेत. कापड गल्लीतल्या अण्णांनीच आणून दिलं, प्लेन केशरी कॉटन, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच, एकूण २६ मीटर. आता मी आपली नेहमीच्या हिशोबानं कुर्त्याला अडीच मीटर धरते म्हणजे ३५ मीटर झालं, आणि हातात २६. अण्णांना म्हटलं अजून ९ मीटर आणा तर म्हणतात ताग्यात होतं तेवढं सगळं घेतलं, दुकानात तो लॉट संपला. मी स्वतः जाऊन बघून आले, नवीन ताग्याचा रंग लालसर आहे. एकटीनं घातला तर कळणार नाही पण १४ पोरी ओळीनं उभ्या राहिल्या की लांबून दिसणार.

मापं : ९ पोरींची छाती ३२ ते ३६, ५ जणींची ३८ ते ४२. तयार लांबी ४० सगळ्यांना सारखी, बाजूला कट. बाही पाऊण. बाहीचा कागद काढलाय तो दाबासकट (शिवणीला सोडलेल्या जादा कापडासकट) १७ रुंद आणि २० लांब येतो. शिवाय बाहीला आणि गळ्याला लावायला २ मीटर खण दिलाय.

दोन दिवस झाले खडू घेऊन बसलेय, कात्री लावायचं धाडस होईना. सांगा की कुणीतरी.

येळ्ळूरकर

सोपं आहे ताई, ४ पोरी कमी करा, म्हणजे अडीच-अडीच मीटरनं बरोबर बसतंय 😄

निपाणीची_काकू

चेष्टा बास रे. बाळ, आधी एक सांग, कापड पाण्यात घातलंस काय? कॉटन आहे ना, मग आधी रात्रभर भिजत घाल, सावलीत वाळव, अर्धवट ओलं असताना इस्त्री फिरव आणि मगच पट्टी लाव. हिशोब त्यानंतरच्या मापावर. आणि उभ्यातच जास्त आटतं, आडव्यात कमी, म्हणजे कुर्ता आखूड होतो बघ पहिल्या धुण्यात. माझ्या नणंदेनं न भिजवता परकर-पोलक्याचे चार जोड शिवले होते, पुढच्या सणाला परकर पोटरीवर.

आणि पन्हा दुकानदार सांगतो तो धरू नको. स्वतः मोज, तिन्ही ठिकाणी, सुरवातीला, मध्ये आणि शेवटाला.

वडगावची_सुई

काकू बरं झालं सांगितलंत, नव्हतं भिजवलं. आता घातलंय बादल्यांमध्ये, दोन फेऱ्यांत. उद्या मोजून सांगते.

खडू_आणि_कात्री

मी खानापूरचा, ४० वर्षं हाच धंदा, आता मुलगा बघतो दुकान आणि मी कडेला बसून बोलतो.

ताई, तुम्ही अडीच मीटर का धरता ते आधी बघा. तुम्ही कापड काठाला काठ लावून मधोमध दुमडता, बरोबर? मग हातात येते २२ इंचाची दुहेरी पट्टी. दुमडीवर पुढचा भाग ठेवला, त्याला लागतात ११-१२ इंच, बाजूला उरतात १० इंच. त्या १० इंचात काहीच बसत नाही कारण तिथं दुमड नाही, काठ आहेत, आणि बाही १७ ची. मग पुढच्या भागाच्या खाली पाठ, पाठीच्या खाली बाह्या, म्हणजे ४२ (तयार ४० आणि दाब) आणि ४२ आणि २०, झाले १०४ इंच, अडीच मीटरच्याही थोडं वर. आणि ती १० इंचाची दुहेरी पट्टी सगळ्या लांबीला मोकळी, ती जाते कातरणाच्या पोत्यात. कापड कमी नाही हो, घडी चुकतेय.

आता असं करा. कापड पसरा, आणि दोन्ही काठ मधल्या रेघेवर आणून भिडवा, खिडकीची दोन दारं मिटल्यासारखे. आता तुम्हाला एक नाही, दोन दुमडी मिळाल्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. डाव्या दुमडीवर पुढचा भाग, उजव्या दुमडीवर पाठ, शेजारी शेजारी. पन्हा ४३ भरला तर चौथा हिस्सा पावणेअकरा. छाती ३६ पर्यंत एवढ्यात आरामात होतं. दोन्ही बाजूला एकेक इंच दाब धरला तरी तयार घेर ३९ येतो, अंगावर ३ इंच सैल. म्हणजे अख्खा कुर्ता ४२ इंचात निघाला. बाह्या खाली, उघड्या कापडावर शेजारी शेजारी, १७ आणि १७ चौतीस रुंद, २० लांब. एकूण ६२ इंच. कुठं १०४ आणि कुठं ६२!

आमचे वस्ताद म्हणायचे कापणं कात्रीचं काम आहे, बेतणं डोक्याचं. पूर्वी गिऱ्हाईक घरून कापड आणून द्यायचं आणि समोर पाटावर बसून राहायचं, उरलेला तुकडा मोजून परत न्यायचं, मग आपोआप शिकायला व्हायचं.

वडगावची_सुई

अण्णा हे वाचून मी खरंच ताडकन उठले आणि वर्तमानपत्राचा कागद कापून बघितला. बसतंय! पण घेर खाली वाढवता येत नाही ना, सरळच राहतोय, पावणेअकराच्या वर जागाच नाही.

खडू_आणि_कात्री

सरळच राहू दे. बाजूला कट आहेत ना, घेर कशाला पाहिजे.

शहापूरची_सून

एक शंका. पावणेअकरा चोक म्हणजे ४३, आणि काठ सोडून ४३ मिळणार असतील तर ठीक, पण काठासकट ४३ असला तर काठ शिवणीत येणार. आमच्या सासरी माग होते, म्हणून काठाबद्दल जरा बोलते. काठाला धागे दाट असतात, बाकी कापडापेक्षा तो वेगळा आटतो, शिवणीत घेतला तर धुतल्यावर बाजूची शिवण चुणते. घ्यायचाच झाला तर दर २-३ इंचाला तिरपी छोटी कात्र मारायची म्हणजे ओढत नाही.

आणि उभा-आडवा बदलू नका कृपा करून. ताण्याचे म्हणजे उभे धागे मागावर ताणून बसवलेले असतात, ते लांबीत आले पाहिजेत. कापड वाचवायच्या नादात लोक बाही आडवी ठेवतात. एखादी पट्टी, योक (खांद्याजवळचा वरचा तुकडा), बेल्ट आडवा चालतो, पण सबंध बाही आडवी ठेवली आणि दुसरी उभी, तर दोन्ही बाह्या वेगळ्या पडतात अंगावर, कुणाला कारण कळत नाही पण कायतरी चुकलंय ते दिसतं.

बेळगावी_कुंदा

उलटसुलट ठेवलं तर चालतं काय? म्हणजे एक भाग डोकं वर आणि दुसरा डोकं खाली? मी तसंच करतो नेहमी (मुलगीच आहे मी, आमच्याकडं असंच बोलतात 😀)

शहापूरची_सून

प्लेनला चालतं. उभा धागा उभाच राहतो ना, फक्त दिशा उलटी. मखमल, कॉर्डुरॉय असलं लव असलेलं कापड असेल तर मात्र अजिबात नाही, एका बाजूनं हात फिरवला की गडद आणि दुसऱ्या बाजूनं फिकं दिसतं, दोन वेगळी कापडं जोडल्यासारखं. एका दिशेची नक्षी, कोयरी, हत्ती-मोर, तिथंही नाही. साटीनला पण मी घाबरते. चौकडी असेल तर जुळवायला जास्तीचं कापड लागणारच, तिथं वाचवायला जाऊच नये, एका चौकडीचं माप धरून तेवढं दर भागाला जादा घ्यायचं.

माझा स्वतःचा किस्सा सांगते. एका बाजूनं छापलेलं कापड, उघड्या एकेरी थरावर बाही कापली. मग तोच कागद उचलून शेजारी तसाच ठेवला आणि दुसरी कापली. शिवायला घेतल्यावर कळलं दोन्ही उजव्या हाताच्या बाह्या! एकेरीवर कापताना दुसऱ्या वेळेस कागद पालथा घालायचा असतो. तेव्हापासून कागदावर एका बाजूला 'डावा' आणि पाठीमागे 'उजवा' लिहून ठेवते. प्लेन कॉटनला सुलटं-उलटं सारखं असलं तर वाचता, पण सवय तीच ठेवा.

मार्कर_मन्या

मी चिकोडीचा, बेंगळूरला बोम्मनहळ्ळीत एका गारमेंटमध्ये ६ वर्षं कटिंगला होतो. आमच्यात याला मार्कर म्हणतात. लांब कागदावर सगळ्या साइजचे सगळे तुकडे एकदम मांडायचे, खाली कापडाचे शंभर-शंभर थर, आणि मशीननं एकदम कापायचं. आता कॉम्प्युटरवर मांडतात. चांगला मार्कर म्हणजे ८५ टक्क्यांच्या आसपास कापड वापरात आलं पाहिजे, उरलेलं तुकड्यांमधल्या फटीत जातं. तिथं पाव इंच वाचला तर शंभर थरात २५ इंच वाचतात म्हणून एवढा जीव टाकतात.

ताई तुमचं मूळ चुकतंय ते हे की तुम्ही एकेक कुर्ता वेगळा बेतूलाय. १४ चा एकच बेत करा. लहान साइज आणि मोठी साइज एकमेकांच्या फटीत बसवायच्या, गारमेंटमध्ये पण मिडीयम आणि एक्स्ट्रा लार्ज एका मार्करमध्ये घालतात ते त्याच्यासाठीच.

आता त्या ५ मोठ्या पोरी बघा. छाती ४२ ला एक भाग २५ रुंद लागणार, दोन भाग ५०, पन्ह्यात शेजारी बसत नाहीत. म्हणून अण्णांची दोन दारांची घडी इथं चालत नाही. इथं कापड मधोमध दुमडू नका, एका बाजूनं फक्त साडेबारा इंच आत दुमडा. त्या दुमडीवर पुढचा भाग. बाजूला एकेरी कापड उरतं १८ इंच रुंद आणि ४२ लांब. त्यात १७ ची बाही एकाखाली एक अशा दोन बसतात, २० आणि २० चाळीस. मग पाठ, परत ४२ लांब, परत बाजूला १८ ची पट्टी उरली, ही पूर्ण मोकळी. मोठा कुर्ता ८४ इंचात, आणि वर १८ बाय ४२ ची पट्टी शिल्लक.

त्या शिल्लक पट्टीत कुणाच्या बाह्या घालायच्या? लहान पोरींच्या! म्हणजे त्या लहान कुर्त्याला ६२ नाही, ४२ च इंच लागतील. ५ पट्ट्या मिळतात, ४ त बाह्या घाला, १ गळपट्टीला वगैरे राखून ठेवा.

हिशोब :
मोठे ५ × ८४ = ४२०
लहान ४ × ४२ = १६८
लहान ५ × ६२ = ३१०
एकूण ८९८ इंच, म्हणजे २२ मीटर ८१ सेंटीमीटर.

२६ मीटर आटून २५ झालं तरी बिनधास्त.

येळ्ळूरकर

अरे बापरे. म्हणजे ४ पोरी वाचल्या.

वडगावची_सुई

मन्या दादा हात जोडले. माझं आत्ताच मोजून झालं. २६ मीटरचं २५ मीटर २० झालं आटून, म्हणजे मीटरमागे सव्वा इंच गेला. पन्हा काठासकट साडेत्रेचाळीस, काठ सोडून ४३ बरोबर. तुम्ही लोकांनी आकडे आधीच ओळखले होते की काय!

पण एक मनात येतंय, मोठ्या कुर्त्यात १८ च्या पट्टीत १७ ची बाही, एकच इंच जागा, आणि लहानमध्ये तर शून्य. माझा हात एवढा नेमका नाही. बाजूचा दाब १ इंचावरून अर्धा केला तर?

मार्कर_मन्या

करा की. गारमेंटमध्ये ओव्हरलॉकला तेवढा पण दाब नसतो. अर्धा इंच म्हणजे चैन.

निपाणीची_काकू

अजिबात करू नको. गारमेंटवाल्याला काय, माल गेला की गेला, घट्ट झाला तर लोक दुसरा घेतात. ह्या वाढत्या वयाच्या पोरी आहेत, पुढच्या गणपतीला हाच कुर्ता घालणार, तेव्हा आई तुझ्याच दारात येणार की जरा उसवून दे. तेव्हा दाबच नसला तर काय देशील, कप्पाळ? कापड वाचवायचं ते फटीतलं वाचवावं, दाबातलं काढलं की ते वाचलं नव्हे, गिऱ्हाइकाचं काढून घेतलं.

मार्कर_मन्या

काकू तुमचं बरोबर आहे पण मग बगलेत तरी थोडं..

खडू_आणि_कात्री

काकूंच्या बाजूनं मी. आणि बगलेचं मन्यानं नाव काढलं म्हणून सांगतो. ताई, ह्या पोरी झांज वाजवणार. झांज म्हटली की हात सारखे डोक्याच्या वर. तुमची पावणेअकराची पाठ आणि घट्ट मुंढा (बाही जोडायची गोलाई) असला की हात वर केल्याबरोबर अख्खा कुर्ता वर येणार, बाजूचा कट कमरेपर्यंत. चौबगला घाला.

आजकालच्या पोरांना माहीत नाही. चौबगला म्हणजे बगलेत बसवायचा चौकोनी तुकडा, ५ बाय ५ चा, एक कोपरा बाहीकडं, एक अंगाकडं, दोन पुढे-मागे. जुन्या पैरणी, सदरे, सगळ्यांना असायचा. तेव्हा मुंढ्याचा गोल कापतच नव्हते, अंग सरळ, बाही सरळ, आणि मध्ये हा चौकोन. सगळे तुकडे सरळ रेघेचे, म्हणून कापड फुकट जायचा प्रश्नच नाही, आणि हात कसाही फिरवा, नांगर धरा नाहीतर लेझीम खेळा. गोल मुंढा आला तिथून कातरण सुरू झालं बघा.

२८ चौकोन लागतील. मन्यानं जी पाचवी पट्टी राखून ठेवलीय, १८ रुंद, त्यात एका ओळीला ३, अशा ८ ओळी, २४ तिथंच. राहिलेले ४ कुठल्याही तुकड्यात.

शहापूरची_सून

वा अण्णा! आमच्या आजेसासूबाईंची खणाची चोळी माझ्याकडे आहे, ती उसवून बघायचा मोह होतो नेहमी. एका खणात एक चोळी, काठ बरोबर बाहीच्या टोकाला आणि पाठीच्या खाली. हिरव्या खणाची आहे, गुळेदगुड्डचा असावा. जोडलेला तुकडा कुठं आहे तो शोधावा लागतो.

ताई, खणाच्या त्या २ मीटरचं काय करणार? खणाला दोन्ही बाजूला काठ असतो. बाहीच्या टोकाला काठाचीच पट्टी लावा, आधी दोन्ही काठ कापून सुटे करून घ्या, मधला भाग सलग राहतो, तो नंतर दुसऱ्या कशाला. लोक खणाच्या आडव्या पट्ट्या पाडतात आणि मग मधला भाग तुकड्या-तुकड्यांचा होऊन बसतो. दोन काठ, २-२ मीटर, म्हणजे ४ मीटर पट्टी. २८ बाह्यांना पुरणार नाही मात्र. एका बाहीच्या तोंडाला १२ इंच धरले तरी ३३६ इंच, साडेआठ मीटर.

वडगावची_सुई

मग गळ्यालाच लावते खण, बाही प्लेन. अण्णांना विचारते (आमच्या गल्लीतल्या अण्णांना, इथं दोन अण्णा झालेत 😅)

गोकाकचा_फॉल

विषय जरा बाजूला नेते, सॉरी. मी परकर शिवते साडीच्या आतले, ६ कळ्यांचे. ४४ पन्हा, लांबी ३८. कळी वर साडेसात आणि खाली साडेचौदा. ३ कळ्या बसतात एका लांबीत, दोन लांब्या लागतात, ७६ इंच. उलटसुलट ठेवून बघितलं तर ४ बसायला पाहिजेत हिशोबानं (साडेसात आणि साडेचौदा २२, दोनदा ४४) पण बसत नाहीत, कडेला दोन्हीकडं तिरपा भाग बाहेर जातो. काय चुकलं?

खडू_आणि_कात्री

तुमची कळी दोन्ही बाजूनी तिरपी आहे. म्हणून कडेला त्रिकोण वाया जातो. परकराची कळी एका बाजूनं सरळ आणि एका बाजूनं तिरपी काढायची. ४४ चे दोन भाग करा, २२-२२. एका २२ च्या तुकड्यावर वर डावीकडून साडेसात इंचावर खूण, खाली डावीकडून साडेचौदावर खूण, दोन खुणा जोडून एक तिरकी रेघ मारा आणि कापा. झाल्या दोन कळ्या, कातरण शून्य. दुसरी उचलून उलटी फिरवली की पहिलीसारखीच. एका लांबीत ४, आणि उरलेल्या २ अर्ध्या पन्ह्यात. ७६ इंच कापड तेच लागेल, पण २२ बाय ३८ चा सलग तुकडा हातात राहतो. त्यातनं नाडीची पट्टी काढा, राहिलेल्यात लहान बाळाचं झबलं होतं. ८ कळ्यांचा परकर असला तर सरळच, दोन लांब्यात बरोबर संपतो.

जोडताना सरळ बाजू तिरप्या बाजूला जोडायची, दोन तिरप्या एकमेकीला नाही. तिरपी बाजू उरेबात (धाग्याला तिरकी) असते, ती लोंबते, सरळ तिला धरून ठेवते. आणि तिरपी बाजू अर्धा-पाऊण इंच जास्त लांब भरते, ती शेवटी खालून सारखी करायची, वरून नाही.

गोकाकचा_फॉल

देवा. ११ वर्षं झाली मला शिवायला.

बेळगावी_कुंदा

माझ्याकडं कातरणाची दोन पोती झालीत, काय करूलासा तुम्ही सगळे त्याचं? टाकवत नाही.

निपाणीची_काकू

वाकळ कर की. कॉटनचे तुकडे वेगळे, सिंथेटिक वेगळे, आधी हे वेगळं करायचं, नाहीतर वाकळ अंगावर चिकटते उन्हाळ्यात. जुनं लुगडं खाली, वर तुकडे, आणि बाहेरून आत धावदोरा. आमच्या शेजारची गौडांची सून तिला कौदी म्हणते, वस्तू तीच. हल्याळकडच्या सिद्दी बायका पण करतात, कवंद म्हणतात, रंगांची काय हिंमत असते त्यांची, लालाशेजारी पिवळा, पिवळ्याशेजारी जांभळा, बघत राहावं.

उरेब पट्टी पण निघते छोट्या तुकड्यातून. ९ बाय ९ चा चौकोन घेतला आणि दीड इंची पट्टी तिरपी कापली तर जोडून पन्नासेक इंच होते. दोन गळे निघतात सहज.

मार्कर_मन्या

सुई ताई कुठं गेल्या? कापलं की नाही?

वडगावची_सुई

आले आले. आठवडा झाला, माफ करा, मशीनवरून उठलेच नाही.

कापलं! सगळं सांगते. जमिनीवर पसरायला जागा नव्हती म्हणून हॉलमधला दिवाण उभा केला, सासूबाई खुर्चीवर बसून वजनं ठेवायला, म्हणजे कुठं बत्ता, कुठं वरवंटा, कुठं डाळीचा डबा. कापड हलू नये म्हणून. आधी सगळे १४ खडूनं आखले, एकही कात्र मारली नाही, आणि आखून झाल्यावर रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी परत बघितलं तर एका मोठ्या कुर्त्याची पाठ मी विसरलेच होते. आखलं नसतं तर गेलंच होतं.

मोठे आधी कापले, मग पट्ट्यांमध्ये लहानांच्या बाह्या. दाब १ इंचच ठेवला काकू. काठ पूर्ण सोडले, शिवणीत घेतले नाहीत.

चौबगला आधी एकाच कुर्त्याला घालून बघितला, शेजारच्या पोरीला घालायला दिला आणि म्हटलं वाजव झांज. तिनं हात वर केले आणि कुर्ता हललाच नाही. मग सगळ्यांना घातले. पहिल्या चौकोनाला पाऊण तास लागला आणि शेवटच्या ४-५ ना दहा-दहा मिनिटं. कोपऱ्यावर सुई कापडात रोवून दाबपाय उचलून वळवायचं हे कुणी लिहिलं नव्हतं, ते मी उसवून उसवून शिकले.

आता चूक. वेळ वाचवायला मी एका लहान कुर्त्याचा पुढचा भाग आणि पाठ एकावर एक ठेवून गळा कापला. पुढचा खोल गळा. पाठीला पण तेवढाच खोल गेला!! हातपाय गार. नवीन पाठ कापता आली असती, कापड होतं, पण सासूबाई म्हणाल्या खण आहे ना. मग खणाच्या मधल्या सलग भागातून पाठीला वरचा योक काढला, खालच्या भागाला जोडला. सून ताई, तुमचं ऐकून काठ आधी सुटे केले होते म्हणून सलग तुकडा मिळाला. इतकं छान दिसतंय की आता बाकीच्या १३ जणींच्या आया विचारतात आमच्या पोरीला का नाही. कुणाला चूक झाली म्हणून सांगितलं नाही, म्हटलं ती पथकाच्या पुढे चालणार आहे.

येळ्ळूरकर

आणि ती पुढे चालणार आहे काय?

वडगावची_सुई

आता चालावंच लागेल 😂

खडू_आणि_कात्री

शाबास. किती उरलं?

वडगावची_सुई

मोजलं अण्णा. २ मीटर २० सेंटीमीटर सलग, आणि एक पिशवीभर तुकडे. पूर्वी एका ड्रेसला एवढं कातरण निघायचं माझ्याकडे.

पण उरलंय हे गल्लीतल्या अण्णांना कसं कळलं कुणास ठाऊक. सकाळीच दारात. म्हणतात ढोलवाले दोघं आहेत, तेवढ्यात त्यांच्या बिनबाह्यांच्या दोन बंड्या होतील ना? दोघांना समोर उभं करून मापं घेतली, एकाची छाती ४० आणि दुसऱ्याची ४६. लांबी २६.

मार्कर_मन्या

४६ चा नडणार.

खडू_आणि_कात्री

नडू दे. बंडी पुढून उघडी असते, म्हणजे पुढचे दोन भाग सुटे, दुमड लागतच नाही. पाठी आधी मांडा, मग पुढचे चार तुकडे आजूबाजूला. कागद कापून फोटो टाका, बघू.

वडगावची_सुई

दिवाण परत उभा करते. थांबा जरा.